रेजिस पेरार आणि ती चार मिनिटं

आमच्या सेंत-एतियेनमध्ये रेजिस पेरारबद्दल कुणालाही विचारा, चांगलंच बोलेल. पाववाली बोलेल, बसचा ड्रायव्हर बोलेल, त्याचं वाजवणं दोन मिनिटंही न सोसणारी त्याच्या जिन्यातली शेजारीणसुद्धा चांगलंच बोलेल. म्हणून हे मी, नोएल तिओलिए, लिहितोय. त्याच्या शेजारी उभा राहून मी एकोणीस वर्षं डबल बेस वाजवला आणि पंचावन्न वर्षं त्याच्यावर जळलो. इतक्या बारकाईने त्याच्याकडे दुसऱ्या कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या बायकोनेही नाही.

तो जन्मला त्रेचाळीस साली, क्रे-द-रॉकच्या चढावर. बाप फितींचा विणकर. माग घरातच, आणि तो इतका मोठा की माणसं उरलेल्या जागेत राहायची. माग सुरू झाला की फळीवरच्या ताटल्या नाचायच्या. पुढे रेजिस मुलाखतींत सांगायचा की माझा ताल त्या मागातून आला, आणि पॅरिसचे पत्रकार ते वाक्य अगदी जपून लिहून घ्यायचे. माझा बाप पोस्टात होता. पोस्टातून कुणाला ताल मिळत असेलही, पण तो छापून येत नाही.

आमची गाठ पडली एकसष्ट साली, बोनफ्वा नावाच्या अकॉर्डियनवाल्याच्या वाद्यवृंदात. दर रविवारी दुपारी आम्ही नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचो. मी वीस वर्षांचा, संगीत विद्यालयात डबल बेसला पहिलं बक्षीस मिळवलेला, आणि ते बक्षीस चेहऱ्यावर घेऊन हिंडणारा. रेजिस अठरा वर्षांचा. गिटार स्वस्तातली, बूट बापाचे. स्वरलिपीतलं एक अक्षर येत नव्हतं. बोनफ्वाने मला सांगितलं, "याला जरा शिकव." मी दोन महिने शिकवलं. त्याला स्वरलिपी काही आली नाही, पण मी वाजवलेलं काहीही तो एकदा ऐकून वाजवायचा, आणि वर मान हलवून म्हणायचा, "छान आहे रे तुझं हे." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका रविवारी वॉल्ट्झ चालू असताना त्याने कॉफीचा चमचा गिटारच्या तारांखाली सरकवला. पत्र्यावर गारा पडाव्यात असा आवाज निघाला. जोड्या जागच्या जागी थांबल्या. एका बाईचा पाय मुरगळला. बोनफ्वाने तिथल्या तिथे त्याला हाकलला.

"चमचा कशाला घातलास?" तो गिटार गुंडाळत होता तेव्हा मी विचारलं.

"कंटाळा आला रे."

"लोक नाचत होते, लेका!"

"हो ना. दर रविवारी तसेच नाचतात."

त्या दुपारी मी सोलांज नावाच्या मुलीला बरोबर आणलं होतं. रिबिनीच्या दुकानात होती ती, बोलायला तिखट, आणि मी तीन आठवडे धीर गोळा करून तिला विचारलं होतं. मी बेसला खोळ घालेपर्यंत ती रेजिसच्या मागे पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. "मी फक्त त्या चमच्याचं विचारायला गेले होते," असं ती अजून म्हणते. पासष्ट साली त्यांचं लग्न झालं. लग्नात बेस मीच वाजवला.

आता कुणी म्हणेल की अशा माणसाबरोबर मग राहिलास कशाला? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. खरं कारण साधं आहे. त्याच्या शेजारी उभा असलो की मी मला येतं त्यापेक्षा बरं वाजवायचो. हे त्याला कधी सांगितलं नाही.

सत्तर साली आमचं त्रिकूट झालं. रेजिस, मी आणि ज्यूल. ज्यूल दिवसा सायकलच्या कारखान्यात कामाला, संध्याकाळी ड्रम बडवायचा. मोठा धिप्पाड माणूस, मनाने लोणी. त्यानेच आमचे नियम केले. तालीम करायची नाही. काय वाजवायचं ते आधी ठरवायचं नाही. आणि वाजवून झाल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कुणी काय केलं, कुठे जमलं, कुठे फसलं, काही नाही. खाली उतरायचं आणि किसलेल्या बटाट्याचे गरम रापे खायचे. फ्री जॅझवाल्यांत असे नियम पुष्कळांचे असतात, पण पाळत कुणी नाही. आमच्याकडे ज्यूल होता. एकदा खाताना मी नुसतं म्हणालो, "मधे मी ते वरच्या सुरात जे—" तर त्याने अख्खा रापे माझ्या तोंडात कोंबला. टाळू भाजली. परत कधी विषय काढला नाही.

नियमाप्रमाणे तालीम नव्हती, तरी मी घरी चोरून रोज चार तास बेसवर गज चालवायचो. रेजिस घरी बटाटे सोलायचा, पोरीला शाळेत सोडायचा, खिडकीत बसून टेकडी बघायचा. आणि संध्याकाळी माझ्या चार तासांच्या मेहनतीवर त्याची एक तार भारी पडायची.

मग आली शहात्तरची बारा मेची संध्याकाळ. महापालिकेच्या संस्कृती भवनाने आमचा कार्यक्रम सहा महिने आधी ठरवला होता, आणि ठरवताना कुणाच्या लक्षात आलं नाही की त्याच संध्याकाळी आपलं सेंत-एतियेन ग्लासगोला फुटबॉलच्या युरोप कपाची फायनल खेळणार आहे. म्हणजे, फायनलला पोचेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. कार्यक्रम रद्द करा असं मी म्हणालो, पण रेजिसच्या गावीही नव्हतं. "कसली फायनल?" असं विचारणारा सेंत-एतियेनमधला तो एकमेव जिवंत माणूस असेल.

हॉलमध्ये अकरा माणसं आली. त्यांतली दोन ऊब मिळते म्हणून येणारी. खालच्या कॅफेत मात्र टीव्हीसमोर दोनशे माणसं हिरवे मफलर बांधून उभी. भवनाच्या तंत्रज्ञाने नवीन आणलेला चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर त्या दिवशी पहिल्यांदा लावला, करून बघू म्हणून. आम्ही वाजवायला लागलो. अर्ध्या तासानंतर केव्हातरी ज्यूल थांबला, आणि मग ती चार मिनिटं झाली.

पुढे त्या टेपची रेकॉर्ड निघाली. ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांना सांगतो. एकच सूर आहे, लांब, उंच, कापरा. माणूस रडायचं टाळतो तेव्हा गळ्यातून येतो तसा. तो चार मिनिटं तुटत नाही. आणि मध्येच खालून दोनशे माणसांचा हंबरडा येतो. चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावर आपटला होता. पॅरिसच्या एका मासिकात समीक्षकाने लिहिलं, 'पेरारच्या गिटारला मानवी कंठ फुटला आणि हेलावून गेलेल्या श्रोत्यांना आक्रोश आवरेना.' अकरा श्रोते! मी ते वाचून आधी हसलो. मग 'गिटार' या शब्दावर पुन्हा नजर गेली आणि हसणं थांबलं.

कारण तो सूर माझा होता. डबल बेसच्या घोडीपाशी गज अगदी हलका ठेवला की असाच सूर निघतो, आणि तो मी घरी दोन वर्षं घोटला होता. रेकॉर्ड पहिल्यांदा लावली तेव्हा माझ्या उजव्या हाताला तो कंप आठवला. डोळे मिटलेले होते तेही आठवलं. शंकाच नव्हती.

मला वाटलं, रेजिस स्वतःच सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. त्याने नाही सांगितलं. आणि मी विचारायचं कसं? नियम होता ना. वाजवलेल्याबद्दल बोलायचं नाही. आम्ही तिघं खाली उतरून रापे खात राहिलो आणि तिकडे ती चार मिनिटं रेजिसच्या नावावर जगभर फिरत राहिली. त्याला बर्लिनचं बोलावणं आलं, मग ओस्लोचं, मग जपानचं. आधी त्रिकुटाला बोलवायचे, नंतर एकट्याला. अठ्ठ्याहत्तरपासून तो एक नवीन गोष्ट करायला लागला. बापाच्या मागावरची रेशमी फीत घ्यायची, तिला माझ्या गजाची राळ लावायची आणि ती तारेखालून हळूहळू ओढायची. अगदी तसाच सूर निघायचा. मी मनात म्हटलं, घ्या! आता माझीच नक्कल करून जगाला दाखवतोय, आणि तीसुद्धा माझ्याच राळेवर.

एकोणनव्वदला ज्यूल गेला आणि त्रिकूट मोडलं. मी विद्यालयात शिकवत होतो, तेच चालू ठेवलं. रेजिसने जन्मात कुठे नोकरी केली नाही. क्रे-द-रॉकचं घर सोडलं नाही, गाडी घेतली नाही, फोन सोलांज उचलायची. आणि तरी जपानी पोरं पाठीला पिशव्या लावून त्याला शोधत यायची. एकदा दोघं विद्यालयाच्या दाराशी मलाच अडवून विचारायला लागली, "पेरारसाहेब कुठे राहतात?" मी त्यांना खाण-संग्रहालयाकडे पाठवलं. संध्याकाळी ती तिघं, म्हणजे दोन जपानी आणि रेजिस, मला कॅफेत दिसली, दही-चीज खात. रेजिसने हाक मारली, "नोएल, ये ना! अरे, ही बिचारी चुकून खाणीत गेली होती."

दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचो. ती सवय कधी सुटली नाही. बायको माझ्या आयुष्यात आली आणि चार वर्षांनी गेली. जाताना म्हणाली, "तुझं लग्न आधीच झालंय, नोएल. त्या पेरारशी. आणि ते सुखाचं नाही." बोलली ते चूक नव्हतं.

दोन हजार सोळात ल्योंहून क्लेमॉन्स नावाच्या मुलीचा फोन आला. तिशीतली, छोट्या संस्थेतर्फे जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढायची. त्या संध्याकाळच्या मूळ टेप भवनाच्या तळघरात सापडल्या होत्या. चाळीस वर्षं झाली म्हणून नवी आवृत्ती येणार होती, सोबत पुस्तिका, आणि पुस्तिकेत कुठल्या मिनिटाला कोण वाजवतंय याची सगळी नोंद.

"त्या चार मिनिटांवर गिटार लिहू नका," मी म्हणालो. "तो डबल बेस आहे."

ती म्हणाली, "तिओलिएसाहेब, चाळीस वर्षं सगळे गिटार म्हणतायत."

"चाळीस वर्षं सगळे चुकतायत."

"मग पेरारसाहेबांकडून तसं लिहून आणा. त्यांची सही असली की मी छापते."

त्या गुरुवारी मी कागद खिशात घालून चढ चढलो. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने चढू नये इतक्या वेगाने चढलो. ज्यूल असता तर तोंडात रापे कोंबला असता, पण ज्यूल नव्हता. रेजिसला तोवर ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. सोलांज तव्यापाशी उभी होती.

"रेजिस! ती चार मिनिटं!" मी ओरडलो.

"कुठली मिनिटं?"

"अहो, ज्या मिनिटांवर जपानी लोक आपल्या पायऱ्या झिजवतात ती," सोलांज मागे न वळता म्हणाली. "सगळ्या जगाला माहीत आहेत, यांनाच माहीत नाहीत."

"त्या रेकॉर्डवरची? ती मी कधी ऐकली नाही."

"चाळीस वर्षांत?"

"एकदा वाजवलं ना. परत ऐकायचं कशाला?" त्याने ताटलीतलं चीज पावाला फासलं. "काय झालं त्याचं?"

"तो सूर माझा आहे. गजाचा. तुझा नाही."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"तू म्हणतोस तर तुझाच असणार. मला कुठे आठवतंय? आण, कुठे करू सही?"

आणि त्याने केली. पुसलेल्या बोटांनी, कागद नीट न वाचता. मीठ मागावं आणि समोरच्याने सरकवावं, तसा त्याने तो सूर माझ्याकडे सरकवला. सोलांज मात्र कालथा हातात घेऊन माझ्याकडे बघत होती.

"नोएल, हे पोटात ठेवून तू चाळीस वर्षं आमच्याकडे जेवत होतास?"

"नियम होता."

"मेला तो नियम! तुम्हा तिघांना आयुष्यात तेवढं एकच पाळता आलं." तिने माझ्या ताटलीत रापे आदळला. "खा आता. चेहरा बघ कसा झालाय. जिंकलास ना?"

जिंकलो होतो. उतरताना मी कागद दोनदा उघडून पाहिला. आनंद व्हायला हवा होता, आणि मला राग येत होता. ज्यासाठी मी झोपा घालवल्या ते या माणसाने असं देऊन टाकलं. त्याच्याकडे इतकं होतं की त्यातलं काय गेलं हेही त्याला कळलं नाही. त्या क्षणी मला त्याच्या सुरापेक्षा त्याच्या त्या 'बरं'चा जास्त हेवा वाटला.

पुढच्या मंगळवारी सकाळी कागद घेऊन मी ल्योंला गेलो. क्लेमॉन्सची खोली लहान, पडदे जाड, टेबलावर दोन मोठे स्पीकर. तिने सही बघितली, कागद बाजूला ठेवला.

"टेपवर चार ट्रॅक वेगळे आहेत," ती म्हणाली. "गिटारचा, बेसचा, ड्रमचे दोन. आधी ऐकायचं का?"

"लाव की."

तिने गिटारचा ट्रॅक लावला. सूर आला. जवळून, स्वच्छ, अगदी कानाशी. आणि त्याच्या खाली एक बारीक सळसळ. ती सळसळ मी हजार वेळा ऐकली होती. रेशमी फीत तारेखालून सरकत होती. म्हणजे अठ्ठ्याहत्तरला नाही. त्याच संध्याकाळी, पहिल्यांदा.

"बेसचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरला असेल," मी म्हणालो. माझं मलाच ते ऐकवेना.

"मग तुमचा ट्रॅक लावते."

माझ्या ट्रॅकवर गज नव्हता. लाकूड करकरल्याचा आवाज होता. माझा श्वास होता, जवळ, जड. गिटार लांबून, पुसट. गज हातात होता, हात कापत होता, एवढं मला बरोबर आठवत होतं. पण तो तारेवर टेकलाच नव्हता. एक मिनिट गेलं, दोन गेली. खालून ते दोनशे जण ओरडले. आणि ओरडणं विरलं तसा अगदी माइकपाशी एक माणूस हळूच म्हणाला,

"थांबू नकोस, रेजिस. थांबू नकोस."

तो आवाज कुणाचा ते मला लगेच कळलं नाही. पस्तीस वर्षांचा माणूस होता तो, आणि त्याच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता. असा मी रेजिसशी कधी बोललो नाही. बोललो होतो, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. चाळीस वर्षं तो सूर मला इतका हवा होता की त्या संध्याकाळी तो मी नुसता ऐकला होता, हेच पुसून गेलं.

क्लेमॉन्सने टेप थांबवली. चांगली मुलगी आहे. थोडा वेळ बटणांकडेच बघत राहिली.

"सही माझ्याकडे आहे," शेवटी म्हणाली. "तुम्ही सांगाल ते लिहीन."

खोटं सांगत नाही, मी विचार केला. चांगला मिनिटभर केला. रेजिसला ऐकू येत नाही, ज्यूल नाही, ही पोरगी बोलणार नाही. पुस्तिकेत माझं नाव येईल, आणि जपानी पोरं मला शोधत येतील. हेवा गेला होता असं कुणी समजू नये. तो तिथेच होता, माझ्या शेजारच्या खुर्चीत. फक्त आता त्याला बसायला हक्काची जागा उरली नव्हती.

"गिटार लिही," मी म्हणालो. "रेजिस पेरार. फीत आणि राळ. हे आधी कुणी लिहिलेलं नाही, तेही लिही."

तिने लिहून घेतलं. मग चाचरत म्हणाली, "आणखी एक. जुन्या रेकॉर्डवर तुमच्या ट्रॅकचा आवाज फार खाली ओढला होता, म्हणून तुमचं बोलणं दबलं. आता सगळे सारखे ठेवले तर ते स्पष्ट ऐकू येईल. सुराच्या बरोबर मधे येतंय. मला ते काढून टाकता येईल, कुणाला पत्ता लागणार नाही. काढू?"

मी तिला पुन्हा एकदा लावायला सांगितलं. ऐकलं.

"राहू दे," मी म्हणालो. "त्या चार मिनिटांत माझं तेवढंच आहे."